दोन दिव्यांमधलं अंतर

"दिसली! दिसली!" पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

रंगमंचाच्या मागे भिंतभर ताणलेल्या पांढऱ्या पडद्यावर पहाटेचा निळा उजेड चढत होता, आणि त्या निळाईच्या बरोबर मध्यावर एक बाई बसली होती. सावळी, धूसर. लहानसं डोकं, बारीक मान, खांद्यावरून जमिनीपर्यंत पसरत गेलेली शाल. चेहरा दिसत नव्हता, पण चेहरा हवा होता कोणाला? तिच्यासमोर रिकामा चौथरा होता. वीस वर्षं या नाटकातली आई त्याच चौथऱ्यावर बसायची. ते काम करणाऱ्या माई चार महिन्यांपूर्वी वारल्या होत्या.

"मान हलवली बघा!"

"अहो, अंगाभोवती रंग आहेत. एकीकडे तांबडा, एकीकडे हिरवा!"

"तेजोवलय म्हणतात त्याला," मौनीबाबा मोठ्याने म्हणाले. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा क्षणभर थांबत नसे. बाई पहिल्यांदा दिसल्याची कुजबुज कानी पडताच ते दुसऱ्याच दिवशी दोन चेल्यांसह हजर झाले होते. "बाई अडकल्या आहेत. इकडच्याही नाहीत, तिकडच्याही नाहीत. मी घंटा वाजवली की होकार देतील. शांत राहा, खोकू नका, शंका मनात आणू नका. शंकेने आत्म्याला सर्दी होते!"

त्यांनी घंटा वाजवली. पडद्यावरची बाई थरथरली. लोकांच्या अंगावर काटा आला. विंगेत संहिता घेऊन उभे असलेले मास्तर, नाटक मंडळाचे जुने प्रॉम्प्टर आणि माईंचे यजमान, हुंदका देऊन खाली बसले.

प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, काचेआड, प्रकाशयोजना सांभाळणारी बाई हे पाहत होती. मंडळात तिला सगळे वीजबाई म्हणत. पडद्यावरचे नवे एलईडी दिवे तिनेच निवडले होते. जुने तापणारे दिवे काढायला ती दोन वर्षं भांडली होती, आणि माहितीपत्रकात जो सगळ्यांत प्रखर दिसला तोच दिवा तिने मागवला होता. घरच्या भिंतीवर दोन दिवे लावून पाहिले, खूश झाली. भिंतीवर दोन दिवे लावणं वेगळं आणि चाळीस फुटी पडदा एकसारखा उजळणं वेगळं, हे तिला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृहात कोणी नसताना ती रंगमंचावर गेली. दिवे लावले. बाई बसलेलीच होती. वीजबाईने पडद्याच्या पायथ्याचा एक दिवा हातभर डावीकडे सरकवला. बाई जाड झाली. आणखी सरकवला, तशी मान नाहीशी झाली. तिने घाईघाईने दिवा होता तिथे आणून ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली.

तिने मंडळाच्या मॅनेजरला गाठलं. "अहो, ते भूतबीत नाही. माझे दिवे चुकलेत."

मॅनेजर म्हणाले, "हळू बोला. हे दिवे कोणाच्या हट्टाने आले, ते मंडळात सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांत एवढी गर्दी झाली नाही. आणि मास्तरांकडे बघा जरा, चार महिन्यांनी तो माणूस हसतोय. हिरावून घेणार तुम्ही ते?"

ती काचेआड परतली. खरं तर तिला कोणीतरी अडवायलाच हवं होतं. मास्तरांची दया येत होती हे खोटं नव्हतं, पण त्या दयेच्या आडोशाला स्वतःची फजिती लपवता येत होती, हेही तितकंच खरं. ती मूग गिळून बसली.

अकराव्या दिवशी दुपारचा प्रयोग संपल्यावर मौनीबाबांनी घंटा उचलली आणि मास्तर विंगेतून बाहेर येता येता कोसळले. ओठ कोरडे, श्वास जोरात, तोंडाला विचित्र गोडसर वास. वीजबाई त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली.

"इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद? ते तर रोज घेतात."

"आठ दिवस घेतलेलं नाही. शुद्धीत होते तेव्हा त्यांनीच सांगितलं. सुई टोचलेल्या देहाजवळ ती येत नाही, असं कोणी बाबा म्हणाला म्हणे." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "वाचतील असं वाटतं. वचन देत नाही."

बाहेरच्या बाकावर वीजबाई बराच वेळ बसली. मग उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटेच्या वेळेला ती काचेआड नव्हती, ती रंगमंचावर उभी होती. समोर खच्चून गर्दी.

"खाली उतरा बाई, आत्मा कोपेल!" मौनीबाबा गरजले.

"कोपू दे. माझ्यावरच कोपेल." तिने पायथ्याचे मधले दोन दिवे जवळ ओढले. बाई आक्रसली आणि पुसली गेली. मग तिने डावीकडचे दोन दिवे एकमेकांपासून लांब नेले. तिथे दुसरी बाई उगवली. उजवीकडचे लांब नेले, तिथे तिसरी.

"बाबा, यातल्या माई कोणत्या?" तिने विचारलं. "का तिघी बहिणी आल्या आहेत?"

मागे कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

"हे दिवे मी निवडले," ती सांगू लागली. "यांचा झोत अरुंद आहे आणि मी ते पडद्याला अगदी खेटून ठेवले. खालच्या दिव्यांचा उजेड पंख्यासारखा वर पसरतो. दोन पंख्यांच्या मध्ये खाली रुंद, वर निमुळता अंधार उरतो. ती शाल. त्याच्या टोकाशी, जिथे खालचा उजेड पुरत नाही आणि वरच्या दिव्यांचाही पोचत नाही, तिथे एक ठिपका काळा राहतो. ते डोकं. चौथरा आड येत होता म्हणून मधले दोन दिवे मी लांब सरकवले, म्हणून बाई मध्येच दिसली. दिव्याच्या पोटात लाल, हिरवे, निळे दाणे वेगवेगळे बसवलेले असतात. इतक्या जवळून त्यांचे रंग कडेला नीट मिसळत नाहीत. ते तेजोवलय."

"मग होकार कसा देते?" एक म्हातारी ओरडली. "मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"घंटा वाजवा, बाबा."

बाबांनी घंटा घट्ट धरून ठेवली. वीजबाईने ती त्यांच्या हातातून घेतली आणि वाजवली. पडदा हलला. तिने पडद्याची कड बाजूला सारली. मागे सामान आणायचं मोठं दार अर्धवट उघडून एक चेला उभा होता. दारातून वारा भसाभस आत येत होता. घंटेच्या इशाऱ्यावर दार ढकलायचं, एवढीच त्याची साधना. उजेडात आल्यावर तो कसनुसा हसला.

गलका झाला. कोणी बाबांच्या अंगावर धावून गेले, कोणी वीजबाईवर. म्हातारी तिला म्हणाली, "तुझं काय बिघडत होतं गं?" बाबा त्या गडबडीत निसटले, पण दारातला चेला लोकांच्या हाती लागला आणि मॅनेजरला पोलिसांना बोलवावंच लागलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती दवाखान्यात पोचली. मास्तर शुद्धीवर आले होते. तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

ते छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे ती नव्हतीच."

"नाही, मास्तर."

"एकाच वर्षात दोनदा विधुर झालो मी." मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तिसऱ्या दिवशी."

मास्तरांनी मनाशी हिशेब केला. तो चेहऱ्यावर दिसत होता. "सुई मी चौथ्या दिवशी सोडली," ते म्हणाले.

नर्स इन्सुलिन घेऊन आली. मास्तरांनी बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. वीजबाई उभी राहिली. जा म्हणाले नाहीत, बसही म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवे दिवे आले. कमी प्रखर, पण रुंद पसरणारे. ते पडद्यापासून पाच फूट दूर, सारख्या अंतरावर, दुधी कागद लावून बसवले. पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट निळा झाला. मास्तर परत आले, विंगेत बसू लागले. पण वीजबाईशी ते अजून कामापुरतंच बोलतात.

वाचकहो, बाबाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्या त्याला मिळायलाच हव्यात. पण तो इतके दिवस टिकला, तो जाणणाऱ्यांच्या गप्प बसण्यावर. पडद्यावर काही अद्भुत दिसलं तर हात जोडायच्या आधी एक दिवा हलवून बघा. आणि काय आहे ते कळलं, तर त्याच दिवशी सांगा. स्वतःची लाज निघाली तरी सांगा. समोरचा माणूस रडला तरी सांगा. तुम्ही उद्यावर टाकलंत, तर त्या एका दिवसात कोणीतरी आपलं औषध बाजूला ठेवतो.