मागच्या सीटवरची शांतता

विक्रेतीने गाडीचे छत उघडून दाखवले, पाय हलवताच मागचे दार आपोआप कसे वर जाते तेही दोनदा दाखवले. श्रवणतज्ज्ञ बाईचे तिकडे लक्ष नव्हते. ती मागच्या सीटवर, मांडीवर आवाज मोजायचे यंत्र घेऊन, सगळी दारे लावून बसली होती.

"दोन मिनिटं कुणी बोलू नका," तिने काच खाली करून सांगितले आणि काच पुन्हा वर केली.

विक्रेती गोंधळून तिच्या नवऱ्याकडे वळली. "मॅडमना गाडी चालवून बघायची नाहीये का?"

"तिला गाडी उभी असताना कशी वागते ते बघायचंय," नवरा म्हणाला. "चालवायला मी आहे."

बाईचे काम डोंगरावरच्या शाळांतल्या मुलांचे कान तपासण्याचे. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, एकेक स्वर हळूहळू बारीक करत न्यायचा आणि ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. इतके साधे काम, पण त्याला शांत खोली लागते, आणि शाळेत सगळे असते, तेवढी एक गोष्ट नसते. पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, मैदानावरचा गलका, या सगळ्याखाली खर्जातले स्वर पहिल्यांदा बुडतात. मूल हात वर करत नाही. मग दोष कानाचा की खोलीचा, हे कसे सांगायचे? मागच्या सत्रात एका शाळेतली अकरा मुले तिने पुढच्या तपासणीसाठी इस्पितळात पाठवली होती. त्यातल्या आठांचे कान ठणठणीत निघाले. पालकांचा दिवस फुकट गेला, आणि मुख्याध्यापिका आवाज न चढवता म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी खात्री असेल तरच पाठवा. आता पालक माझंही ऐकेनासे झालेत."

त्यानंतर तिचा धीरच सुटला. त्याच शाळेत तिसरीतली एक मुलगी होती. हाक मारली की क्षणभर उशिराने बघायची, म्हणून वर्गात तिचे नाव 'ढगातली' पडले होते. तिच्या डाव्या कानाला खर्जातले स्वर ऐकू आले नव्हते, तरीही बाईने तिला पाठवले नाही. 'पुन्हा तपासणी' असा शेरा मारून कागद बाजूला ठेवला. त्याला आता दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत एकही दिवस असा गेला नव्हता की तो कागद तिला आठवला नाही.

बंद गाडी हीच खोली करायची, ही कल्पना तिला सुचली तेव्हा ती स्वयंपाकघरात ताटे पुसत होती. हातातले ताट तसेच धरून ती बाहेरच्या खोलीत धावली होती. जुनी छोटी गाडी नाहीतरी घाटात धापा टाकत असे. मोठी एसयूव्ही घ्यायचे ठरलेच होते. प्रश्न एवढाच उरला होता, पेट्रोलची की प्लग-इन हायब्रिड.

या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडले होते. धाकट्या दिराचे स्वतःचे गॅरेज होते आणि पेट्रोलवर त्याची श्रद्धा होती. "वहिनी, पेट्रोलचं इंजिन मी डोळे मिटून खोलतो. त्या दुसरीत इंजिनही आणि वर बॅटरीची मोटरही. म्हणजे दुखणी दुप्पट, आणि किंमतही जास्त." नवरा भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. त्याने हायब्रिडचे माहितीपत्रक इतक्या वेळा वाचले होते की घडीवर ते फाटले होते. "भिंतीतल्या सॉकेटवर चार्ज करायची. बॅटरी असेपर्यंत इंजिन गप्प. बॅटरी संपली की पेट्रोल आहेच. अडकायचा प्रश्नच नाही."

"दोन्ही गाड्या शनिवारी त्याच शाळेत न्यायच्या," बाईने निकाल दिला. "जिच्यात मला ऐकू येईल, ती घ्यायची." शोरूमवाल्यांनी कुरकुर केली, पण विक्रेती सोबत येणार असेल तर चालेल म्हणाले. विक्रेतीलाही एव्हाना उत्सुकता वाटू लागली होती.

शनिवारी सकाळी हायब्रिड नवऱ्याच्या हातात होती, पेट्रोल दिराच्या. घाट सुरू झाला तरी हायब्रिडचे इंजिन जागे झाले नाही. एवढी जड गाडी वळणामागून वळण वर चढत होती आणि चाकांखालच्या खडीचा आवाज तेवढा येत होता. नवऱ्याने मुद्दाम काच उघडली.

"ऐकतेस?"

"काय?"

"काहीच नाही."

ती हसत सुटली. मागे बसलेली विक्रेतीही हसली. वेग वाढवला तरी शांतता मोडत नव्हती, म्हणून त्याने आणखी वाढवला. मागून दिराने दोनदा हॉर्न वाजवला, बहुधा मत्सराने.

शाळेच्या आवारात दोन नव्या कोऱ्या गाड्या उभ्या राहिल्यावर वर्ग भरवणे अशक्यच होते. मुख्याध्यापिकांनी तो नाद सोडला आणि यादीतल्या मुलांना सरळ बाहेर रांगेत उभे केले.

आधी पेट्रोल. इंजिन चालू ठेवून एसी लावला तर आत चव्वेचाळीस डेसिबल आणि सीटला बारीक थरथर. खर्जातले स्वर त्यात बुडणारच. इंजिन बंद केले तर यंत्र एकोणतिसावर आले. बाई खूश झाली. पण आवारात सावलीचा पत्ता नव्हता. सातव्या मिनिटाला पहिल्या मुलाच्या कानांवरून घामाने हेडफोन घसरला.

"मॅडम, हात वर केला की बाहेर जाता येतं का?" त्याने विचारले.

"दर मुलाआधी पाच मिनिटं इंजिन चालवून गाडी गार करू," दीर म्हणाला. तेही करून पाहिले. तिसऱ्या मुलापर्यंत टपच इतका तापला की गारवा तपासणीच्या मध्यावर संपू लागला. दीर स्वतः आत जाऊन बसला, दारे लावून घेतली आणि सहा मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर आला.

"गाडीत खोट नाहीये," तो कपाळ पुसत म्हणाला. "ऊनच जरा जास्त आहे."

"हो ना," नवरा म्हणाला, "ऊन बदलून मिळतं का विचारू शोरूममध्ये."

मग हायब्रिड. एसी चालू, पंखा सर्वांत मंद, इंजिन गप्प. आकडा एकतीस. बाईने तो तीनदा पाहिला. आत गार होते आणि मुले आरामात बसत होती. स्वर इतके बारीक होईपर्यंत हात वर येत होते की तिला वर्गात असा निकाल कधी मिळालाच नव्हता. चार मुले झाली. चौघांनाही खर्ज नीट ऐकू येतो, याची खात्री पटली. पाचवी होती ढगातली.

उजवा कान उत्तम. डाव्या कानाला उंच स्वर बरे ऐकू आले. बाई एकेक पायरी खाली उतरत खर्जाकडे आली. तिने बटण दाबले, आणि त्याच क्षणी सीटखाली घरघर उठली. इंजिन चालू झाले होते. मुलीचा हात मांडीवरच राहिला. ऐकू आले नाही म्हणून, की इंजिनामुळे? पुन्हा तोच प्रश्न.

तिने दार उघडले. "कुणी चालू केलं?"

कुणीच नाही. विक्रेतीने पुढे वाकून डॅशबोर्डवरचा पडदा पाहिला. "मॅडम, बॅटरी संपलीये. आता हिला इंजिन लागणार."

सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे वळल्या. तो आपल्या बुटांकडे बघत होता. "घाटात... जरा जास्तच गेली असेल."

"दादा," दीर अतिशय समाधानाने म्हणाला, "या घाटाचा चढ फुटाफुटाने मोजून नकाशावर कुणी घातला?"

"मी."

"मग तो चढायला काही लागत नाही, असं वाटलं होतं का तुला?"

"बॅटरी राखून ठेवायचं बटण आहे," विक्रेती अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "ते दाबलं की गाडी पेट्रोलवर चढते. मीच सांगायला हवं होतं, पण सगळे इतके खुशीत होते."

"म्हणजे घाट पेट्रोलनेच चढायचा," दिराने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

ढगातली हेडफोन गळ्यात घेऊन बाईकडे बघत बसली होती. आपलेच काहीतरी चुकले, असे तिला वाटत होते. तुला पुन्हा बोलावीन, हे वाक्य या पोरीला आणखी एकदा ऐकवायचे? बाई झटकन विक्रेतीकडे वळली. "साध्या सॉकेटवर चार्ज होते ना ही? मग इथंच लावू."

मुख्याध्यापिकांनी प्रयोगशाळेची खिडकी उघडली. विक्रेतीने डिकीतून केबल काढली. नवरा ती सॉकेटला लावणार तोच दीर ओरडला, "हात लावू नकोस," आणि गॅरेजमधून आणलेला टेस्टर घेऊन त्याने सॉकेट तपासले, अर्थिंग तपासले, दुसरे सॉकेट तपासले. "हे चालेल," तो म्हणाला आणि पेट्रोलच्या त्या कट्टर भक्ताने हायब्रिडची केबल स्वतःच्या हाताने लावली. गाडीच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकू लागताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत कितीतरी जणांनी डबे गाडीभोवतीच खाल्ले. ती जेवत असताना एकटी कशी सोडायची, असे त्यांचे म्हणणे पडले.

अडीच तासांनी केबल काढली. बाई आणि ढगातली पुन्हा मागच्या सीटवर बसल्या. बाहेर दिराने ओठांवर बोट ठेवून अख्खी शाळा गप्प केली होती. यंत्रावर एकतीस.

उजव्या कानाचा खर्ज: हात वर. आणखी बारीक: हात वर. डावा कान: हात मांडीवर. स्वर वाढवला: मांडीवर. आणखी वाढवला, तेव्हा कुठे हात हळूच उठला. तिने तीनदा फिरून तपासले. तिन्ही वेळा हात त्याच पायरीवर उठला. इथे ना पंखा होता ना इंजिन. दोष त्या कानाचाच होता. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले की असे होते, आणि वेळेवर उपचार केले तर ते बरे होते.

"मॅडम, मी चुकले?" मुलीने विचारले.

"नाही गं. इतकं नीट आजवर मला कुणीच सांगितलं नव्हतं."

ती कागद घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी तो वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"नक्की?"

"नक्की. आठवडाभरात इस्पितळात न्यायला हवं. आणि सोमवारपासून तिला पुढच्या बाकावर बसवा, उजवा कान तुमच्याकडे येईल अशी."

"तिच्या आईशी मी आजच बोलते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी मागचा एकही प्रसंग काढला नाही.

विक्रेती आदबीने पुढे आली. "मग मॅडम, ठरलं का?"

"हीच," बाई म्हणाली.

"रंग कोणता लिहू?"

"यांना विचारा," तिने नवऱ्याकडे आणि दिराकडे हात केला. ते दोघे बॉनेटमध्ये डोके घालून एकमेकांना काहीतरी समजावत होते. रांगेत अजून मुले उभी होती आणि बॅटरी तासाभराहून जास्त पुरणार होती. ती मागच्या सीटकडे निघाली. "पुढच्याला पाठवा."