टोपलीतली गुणी पोर

आमच्या दादाने गरिबी काचेच्या कपाटात ठेवली आहे. खोटं नाही सांगत. लाँड्रीत शिरलात की काउंटरच्या बाजूला कपाट, त्यात वेताची मोठी टोपली आणि वर दिवा. गिऱ्हाईक पावतीसाठी थांबलं की दादा त्याला टोपलीची गोष्ट ऐकवतो. कपडे एखाद वेळी उशिरा मिळतील, गोष्ट वेळेवर मिळते.

गोष्ट अशी. दादा आणि वहिनी तेव्हा दुसऱ्याच्या लाँड्रीत राबत. तिथे मूल आणायला बंदी. सांभाळायला कोणाला ठेवावं, तर पोटाला चिमटा काढून काढून पोटच उरलं नव्हतं. मग पोरीला मळक्या चादरींच्या टोपलीत लपवायचं. "शाळेत जाईपर्यंत टोपलीत वाढली!" इथे दादा मांडीवर थाप मारतो. "पण उंदरासारखी दडून राहायची, हूं नाही की चूं नाही. म्हणून तर नाव उंदरी!"

ही उंदरी आता दहावीत आहे. गणवेशाची कॉलर चावून तिच्या चिंध्या करते, रात्र रात्र जागते, ताटावरून न जेवता उठते. शाळेत तर तोंडातून शब्द फुटत नाही. तोंडी परीक्षेला दोनदा नुसती उभी राहून आली. परवा शेवटची संधी. त्यातही गप्प राहिली तर वर्ष गेलं. दादाच्या मते ही सगळी सुखाची दुखणी. "आमच्या वेळी मनबिन नव्हतं," तो म्हणतो. "परवडायचंच नाही."

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी भेटायला बोलावलं, तर आमच्या शेठजींना सवड नाही. शेवटी बिचाऱ्या बाईच लाँड्रीत आल्या. दादाने त्यांना खुर्ची दिली आणि लगेच टोपलीची गोष्ट दिली. मागे मशीन घरघरत होतं. दादाचा नियम आहे, काठोकाठ भरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. एक रुमाल कमी पडला तर स्वतःच्या खिशातला टाकेल, पण जागा वाया जाऊ देणार नाही.

बाईंनी शेजारी उभ्या उंदरीला विचारलं, "झोप लागते का गं?"

"लागते की!" दादा म्हणाला.

"कसली भीती वाटते?"

"भीती कसली? काय कमी आहे हिला?"

"दादा, परीक्षा तुझी आहे का?" मी काउंटरवरून ओरडले. तेवढ्यापुरता तो वरमला.

"लहानपणी रडायचीस?" बाईंनी विचारलं.

"कधीच नाही!" दादा पुन्हा उसळला.

"रडायचे," उंदरी म्हणाली.

दादा हसला. "तुला काय आठवणार? दात तरी आले होते का?"

"आले होते. चादरीचं टोक चावून रडायचे. मशीन चालू असेपर्यंत. बंद झालं की थांबायचे. आवाज ऐकू गेला तर बाबांची नोकरी जाईल, असं तुम्हीच सांगायचात."

वहिनीने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "टोकं कुरतडलेली असायची," ती म्हणाली. "तिथल्या साहेबांना मी सांगायचे, उंदीर झालेत." दादाला नावामागची ही हकिगत आजवर कोणी सांगितली नव्हती.

त्या टोपलीला एक लाथ घालावी असं मला वाटलं. उंदरी मात्र बोलत सुटली होती. परीक्षेच्या खोलीत सगळे गप्प बसतात, मग घसा आवळतो. बोललं तर घरावर काहीतरी संकट येईल असं वाटतं. हा वेडेपणा आहे हे कळतं, पण घशाला कळत नाही. "आणि परवा मी जर..."

मशीन थांबलं. धुणं झालं होतं.

उंदरीही थांबली. कॉलर पुन्हा तोंडात गेली. "बोल ना बाळा," बाई म्हणाल्या. वहिनी म्हणाली, मीही म्हणाले. काही उपयोग झाला नाही.

दादा उठला. मशीनमधले ओले कपडे त्याने बाहेर काढले. आत टाकायला दुकानात मळका कपडा नव्हता. त्याने तसंच दार लावलं आणि बटण दाबलं. रिकामं मशीन घरघरू लागलं.

पोरीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो बाईंनाच म्हणाला, "परवाची परीक्षा इथे घ्याल का? मी दिवसभर रिकामं चालवतो."