पलीकडचा काठ असलेला समुद्र

मित्रांनो, मी एक पडदा आहे आणि माझ्या अंगावर एक समुद्र रंगवलेला आहे. जुना तर मी आहेच, पण वयाची लाज कुणाला वाटते? मला लाज वाटते ती माझ्या समुद्राची. तो चुकलेला आहे.

माझा जन्म मुखेडचा. एसटी स्टँडजवळच्या गल्लीत सटवाजीने फोटो स्टुडिओ थाटला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या पाठीमागे लावायला त्याला एक देखावा हवा होता. त्याने मांजरपाट आणलं, पन्ने जोडून शिवलं, खळ देऊन उन्हात ताठ वाळवलं. झालं माझं अंग तयार! रंगवायला आला पंढरी पेंटर. हा गडी हॉटेलांच्या पाट्या रंगवायचा, निवडणुकीत भिंती रंगवायचा आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा. समुद्र मात्र त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याने पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे आपल्या गावचा तलाव.

पण अडून बसेल तो पंढरी कसला! नारळाची झाडं त्याने कॅलेंडरवरून उतरवली, होडी आगपेटीवरून घेतली आणि पाणी आपल्या मनाने काढलं. अलीकडे तलावाच्या बंधाऱ्यासारखे दगड रचले. आणि पलीकडे, जिथे आभाळ पाण्याला टेकायचं, तिथे त्याने चक्क एक काठ काढला. काठावर चार बाभळी, एक कडुलिंब आणि एक पांढरं घर. पाणी म्हटलं की त्याला पलीकडचा काठ असणारच, असा त्याचा सरळ हिशोब होता.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. नवं जोडपं आलं की माझ्यापुढे उभं राहायचं. बारशाची बाळं, दहावी पास झालेली पोरं, सगळ्यांच्या पाठीशी मी. "हलू नका. समुद्राकडं पाठ करा अन् जरा हासा की!" असं सटवाजी म्हणायचा आणि बटण दाबायचा. बायका माझ्या लाटांना हळूच बोट लावून बघायच्या. मीही फुगून जायचो.

एकदा सुट्टीवर आलेला एक फौजी फोटोला आला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "मामा, समुद्राला पल्याड काठ नसतो हो!" सटवाजीही हसला. म्हणाला, "आमच्या समुद्राला हाय." पण त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना अशा बेताने उभं करू लागला, की त्यांची डोकी नेमकी पलीकडच्या काठावर यावीत. माझी चूक लोकांच्या डोक्यामागे झाकली जाऊ लागली. मला ते कळायचं, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे हातोहाती मोबाईल आले. स्टुडिओची गिऱ्हाइकं आटली. पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान आलं, आणि मी मागच्या खोलीत जुन्या खुर्च्यांच्या मागे लटकत राहिलो. माझ्या नारळांवर जळमटं धरली. सटवाजी म्हातारा होऊन सटवाजीआबा झाला.

आणि मग एके दिवशी त्याची नात पुनम त्या खोलीत शिरली.

पुनम नववीतली. मोबाईलवर ती अनोळखी मुलांबरोबर एक खेळ खेळायची. जग बुडालं आहे असं समजायचं, त्यातून वाचलेलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगत जायचं. आईने मोबाईल काढून घेतला, तेव्हा तिने तोच खेळ माझ्यापुढे मांडला. जग बुडालं, शहरं पाण्याखाली गेली, वीज गेली. उरला तो फक्त माझा किनारा. चुलतभाऊ हरिओम होड्या सांधणारा झाला. गल्लीतली मैत्रीण मंजुश्री काठावर दिवा लावणारी झाली. आणि पुनम स्वतः ऋतू झाली. वारा कुठला, पाणी किती, काय उगवलं, काय जळालं, हे सगळं ती सांगायची आणि ती म्हणेल तसं बाकीच्यांनी जगायचं.

काय सांगू तुम्हाला, माझ्यावर पहिल्यांदाच ऋतू फिरले! पावसाळ्यात पुनमचा समुद्र फुगायचा आणि बुडालेल्या शहराचा एकच मोबाईल टॉवर पाण्यावर उरायचा. त्यावर बगळे बसायचे. पाऊस सरला की ऑक्टोबरचं ऊन गंजलेल्या गाड्यांवर तापायचं, आणि किनाऱ्यावर लोखंडाचा वास सुटायचा. हिवाळ्यात धुकं यायचं. पडक्या इमारतींच्या गच्च्यांवर माती साचून ज्वारी उगवायची आणि ही मंडळी तिथे हुरडा भाजायची. आणि पुढे उन्हाळा आला की समुद्र आटणार, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. तळ भेगाळणार, त्यातून बुडालेली एक एसटी वर येणार, आणि लोक तिच्या भोवतीच्या ओल्या गाळात टरबुजं लावणार. तलाव उघडा पडला की आपल्याकडे गाळपेर करतात ना, अगदी तशी. मुखेडच्या पोरीला पाण्याची दुसरी कुठली तऱ्हा ठाऊक असणार?

तो उन्हाळा अजून खेळात यायचा होता. मंजुश्री त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. तिचे वडील हैदराबादला कामाला म्हणून गेले, ते परत आलेच नव्हते. फोनही लागत नव्हता. गल्लीत बायका कुजबुजायच्या, म्हणून ती घराबाहेर त्यांचं नावही काढायची नाही. खेळात मात्र तिने त्यांना माझ्या पलीकडच्या काठावर, त्या पांढऱ्या घरात ठेवलं होतं. रोज दिवा लावून झाला की ती हाक मारायची, "बाबा, पाणी कमी होऊन राह्यलंय! आटलं की चालत या!" पुनमने तिला शब्द दिला होता, की परीक्षा संपली की उन्हाळा आणीन.

परीक्षा संपली आणि पुनमची मावसबहीण उज्वला सुट्टीला आली. तिचे वडील रत्नागिरीला नोकरीला, त्यामुळे समुद्र तिच्या रोजच्या पाहण्यातला. पोरगी वाईट नव्हती, पण माहिती असलेल्या माणसाच्या पोटात माहिती राहते थोडीच! तिने पुनमचे ऋतू ऐकले आणि म्हणाली, "अगं, समुद्र कधी आटतो का? दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. आणि खाऱ्या गाळात टरबुजं? काहीही!" मग तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि हा पलीकडचा काठ कुठून आला?"

हरिओम मांडीवर थाप मारून हसला. "पुनीचा समुद्र म्हंजे गावतळं हाय, गावतळं!"

पुनमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याआधीच मंजुश्रीला घरून बोलावणं आलं होतं, म्हणून ती तिथे नव्हती. दुपारी पुनमने गेटच्या निळ्या रंगाचा उरलेला डबा आणला आणि माझा पलीकडचा काठ पुसून टाकला. बाभळी गेल्या, कडुलिंब गेला, पांढरं घर गेलं. आता खरं सांगतो, मित्रांनो, मला फार बरं वाटलं. वाटलं, फिटलं एकदाचं! आता मी चारचौघांत मिरवावा असा समुद्र झालो.

दुसऱ्या दिवशी उज्वलाने तिचा समुद्र सांगितला. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकतात, ओहोटीला खेकडे बिळांतून निघतात, उन्हाळ्यात वाळूवर मासळी वाळते. सगळं खरं होतं आणि ऐकायला छानही होतं. तेवढ्यात मंजुश्री आली. ती आपल्या जागेवर बसली, वर पाहिलं, आणि तशीच उठून उभी राहिली.

"पल्याडचा काठ कुठंय?"

"समुद्राला पल्याड काठ नसतो," पुनम खाली बघत म्हणाली. "अन् तो आटत बी न्हाई."

"मग माझे बाबा?"

हरिओमला कुठे थांबावं ते कधीच कळायचं नाही. तो म्हणाला, "आता पोहत येतील की!" पण हसू त्याचं त्यालाच आलं नाही. मंजुश्री पायात चप्पल न घालताच निघून गेली.

मला त्या क्षणी असं झालं, की खिळ्यांवरून गळून पडावं. इतकी वर्षं मी ज्या काठाला लाजलो, तो कुणाच्या तरी बापाची जागा होता. आणि तो पुसला गेला तेव्हा मी खुशीत होतो.

पुनमने थिनर आणलं, फडकं आणलं आणि निळा रंग घासायला बसली. पण नव्या रंगाबरोबर जुनाही निघाला. खालून कोरं, पिवळट मांजरपाट वर आलं. ती रडायला लागली. आवाज ऐकून सटवाजीआबा दारात आला.

"आबा, मला लाज वाटली म्हणून पुसलं."

आबाने जवळ येऊन माझ्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला. "मलाबी वाटायची, पोरी. लोकायच्या डोक्यामागं झाकत होतो मी त्याला. तू पुसलंस, येवढाच काय तो फरक." तो स्टुलावर बसला. "जा, त्या लेकराला घेऊन ये."

पुनम गेली. उज्वलाही तिच्यामागून गेली. किती विनवण्या कराव्या लागल्या असतील देव जाणे, पण मंजुश्रीला घेऊन त्या आल्या. तोवर आबाने आणि हरिओमने मला खिळ्यांवरून काढून फरशीवर अंथरलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी आडवा झालो.

पुनम मध्ये उभी राहिली. "ऐका. उन्हाळा आला. उन्हानं दगड फुटायलेत. टॉवरवरचे बगळे उडून गेले. समुद्र आटला."

हरिओमने हळूच उज्वलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, आटला." आणि सगळ्यांच्या आधी तिनेच पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

मंजुश्री बंधाऱ्याच्या दगडांवरून माझ्यात उतरली. अनवाणी होती. हरिओम म्हणाला, "जपून, हितं गाळ हाय," आणि ती खरंच जपून चालली. होडीवरून गेली, लाटांवरून गेली. तिच्या पायांची ऊब माझ्या मांजरपाटाला लागत होती. इतकी माणसं माझ्यापुढे उभी राहून फोटो काढून गेली, पण त्यांतल्या एकाचंही पाऊल माझ्यावर पडलं नव्हतं. शेवटी ती त्या कोऱ्या जागेवर पोचली. तिथे झाड नव्हतं, घर नव्हतं, माणूसही नव्हतं. ती दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि कमरेएवढ्या उंचीवर बघत, हळू आवाजात बोलली. जणू बाबा तिच्यासमोरच खाली बसले होते.

"बाबा, तुम्हाला यायला जमलं नसंल. म्हून मीच आले."

सटवाजीआबाने तोंड फिरवलं. पुनमने मंजुश्रीचा हात धरला आणि त्या दोघी तिथेच, त्या कोऱ्या कापडावर, बराच वेळ बसून राहिल्या.

तर मित्रांनो, असा मी चुकलेला समुद्र. मला झटका, उन्हात टाका, उंदरांपासून सांभाळा, एवढं तर कुठलाही जुना पडदा तुमच्याकडे मागेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. कुणाचा समुद्र चुकत असेल तर त्याला जरूर सांगा, चूक ती चूकच. पण हातात ब्रश घेण्याआधी एवढं विचारून घ्या, की पलीकडे कुणाचं माणूस उभं आहे.