एकविसावा घेणेकरी

लाँड्रीच्या मालकिणीने कोर्टाचं पाकीट फोडलं, तेव्हा तिचा नवरा बॉयलरमागे बसून नळाची चकती बदलत होता. नळाला काहीही झालेलं नव्हतं. पण हे पत्र येणार हे त्याला चार दिवस आधीच कळलं होतं आणि त्या चार दिवसांत त्याने लाँड्रीतला प्रत्येक नळ एकदा तरी उघडून बंद केला होता. समोरच्या भिंतीवर बायकोने खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. सोड्याच्या पोत्यांचा हिशेब असावा. त्या मोजत तो वेळ काढत होता.

"अहो, ऐकलंत का?" ती बाहेरून ओरडली. "तुमच्या क्लबचं दिवाळं निघालं. वीस जणांचे पैसे अडकलेत. आणि आपल्या नावापुढे काय लिहिलंय माहितीये? येणे बाकी शून्य! अख्ख्या गावात आपण एकटे सुटलो."

"हं," नवरा नळाला म्हणाला.

"हरकत असेल तर गुरुवारी सभेला या म्हणतात."

"आपली कसली हरकत? शून्य म्हणजे शून्य. जायचं कारणच नाही."

"वा, जायचं नाही कसं? संघाची ने-आण करणाऱ्या त्या बसवाल्याचं तोंड बघायचंय मला. वसुली कशी करतात ते जरा शिकवून येते."

नवऱ्याने चकती उलटी बसवली आणि नळ खरोखरच गळायला लागला.

लाँड्रीमागच्या दोन गल्ल्या ओलांडल्या की क्लबचं मैदान. नवरा तिथे दर रविवारी जायचा, लग्नाच्या आधीपासून. मैदानावर त्याला नावाने कुणी ओळखत नव्हतं, सगळ्यांसाठी तो शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून तो अशी काही शिट्टी मारायचा, की एकदा समोरच्या संघाच्या गोलकीपरने रेफ्रीकडे तक्रार केली होती. आपला गोल झाला की आधी शिट्टी, मग लोकांचा आरडाओरडा, हा क्रम ठरलेला. तशी फुटबॉलच्या पाठीराख्यांची जातच अजब. पदरचे पैसे मोजायचे, दोन तास उभं राहायचं, मनस्ताप घेऊन घरी यायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा रांगेत हजर. शिट्टीचा संघ तर असा, की लागोपाठ दोन सामने जिंकला तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

हरण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण मागच्या अध्यक्षांना मोठेपणाची खाज सुटली. त्यांनी कर्ज काढून मैदानावर दिव्यांचे चार उंच खांब उभे केले. आणखी कर्ज काढून परदेशातून एक स्ट्रायकर आणला. त्याने अकरा सामन्यांत एक गोल केला, तोही आपल्याच जाळ्यात. संघ खालच्या गटात घसरला, तिकिटांची विक्री निम्म्यावर आली आणि अध्यक्ष प्रकृतीचं कारण देऊन मोकळे झाले. मागे उरले ते खांब आणि थकलेली बिलं.

लाँड्रीचं बिलही थकणारच होतं. मालकिणीने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "पैसे आले नाहीत तर एक मोजा धुणार नाही. लाँड्री माझी, क्लब तुमचा."

यात तिचं काही चुकत नव्हतं. लाँड्री तिच्या आईने एका इस्त्रीवर सुरू केलेली, आणि साबण तिला कुणी फुकट देत नव्हतं. शिट्टी पैसे मागायला क्लबच्या कचेरीत गेला तर तिथला कारकून स्वतःच तीन महिने बिनपगारी बसला होता. त्याच्याकडे बिल सरकवायचीही शिट्टीला लाज वाटली. पण कपडे धुतले नाहीत तर संघ उतरणार कसा? संघ उतरला नाही तर दंड, वर गुण कापले जाणार.

शिट्टीच्या खिशात तेव्हा दातांचे पैसे होते. वरचे पुढचे चार दात नुकतेच काढले होते. हिरड्या सुकल्या की नवे बसवू, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि बायकोने चार दातांचे पैसे मोजून पाकिटात घालून दिले होते. त्याने त्यातून एका महिन्याच्या बिलाचे बाजूला काढले, क्लबच्या पाकिटात घातले आणि तिच्या हातात ठेवले. "घे. दिले त्यांनी." तिने पावती फाडली. ती त्याने कारकुनाला नेऊन दिली. हे पैसे आपण कधी दिले ते कारकुनाला आठवेना. पण पैसे चुकते झाल्याची पावती त्या कचेरीने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती, त्यामुळे त्याने काही न विचारता ती हौसेने फायलीला लावली.

एका महिन्यापुरतं म्हणून केलं ते आठ वेळा झालं. पाकीट संपलं. घरी तो म्हणत राहिला, "हिरड्या अजून ओल्याच आहेत." मैदानावर त्याने दोन-तीनदा बोटं तोंडात घालून बघितली, नुसती हवा आली. गोल झाला की शेजारचे सवयीने त्याच्याकडे बघायचे आणि तो टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्यांचं त्याला फार वाईट वाटायचं.

त्यात घरी बायकोचा हात बिघडला. इतकी वर्षं सुरेख स्वयंपाक करणारी बाई, आता प्रत्येक भाजीचा लगदा करून ठेवायची. वय झालं बिचारीचं, असं तो मनात म्हणायचा. बोलला मात्र नाही. आपलंच इतकं झाकलेलं असताना दुसऱ्याची खोड काढायला त्याची जीभ रेटत नव्हती.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पुढे वीस घेणेकरी खुर्च्यांवर, मागे भिंतीला टेकून पाठीराखे, आणि टेबलामागे कोर्टाने नेमलेला साहेब. मालकीण ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिने थेट बसवाल्याशेजारची खुर्ची धरली. नवऱ्याला तिच्या दुसऱ्या बाजूला बसावंच लागलं.

"वहिनी, अकरा महिन्यांत मला छदाम मिळालेला नाही," बसवाला म्हणाला. "तुम्हालाच बरे दिले!"

"मागायची पद्धत असते."

तेवढ्यात कारकून फायली घेऊन समोरून चालला होता. बसवाल्याने त्याला हटकलं. "का हो, लाँड्रीला पैसे आणि आम्हाला ठेंगा?"

"लाँड्रीला?" कारकून थबकला. "आम्ही कुठून देणार..." एवढ्यात त्याला मालकिणीमागून जोरजोरात हात हलवणारा शिट्टी दिसला आणि तो गप्प झाला. मालकिणीने मान वळवली. शिट्टी मानेवरचा डास मारत होता. तिने हातातल्या पत्राची एक घडी घातली. इतकी गप्प ती फक्त मोजलेले कपडे आणि धुतलेले कपडे जुळले नाहीत की व्हायची.

साहेबाने प्रस्ताव वाचला. घेणेकऱ्यांनी शंभराला पंचवीस घेऊन बाकीचं सोडून दिलं, तर क्लब चालू राहील. छोट्यांना चार महिन्यांत पैसे मिळतील. नाहीतर मैदान विकायचं, मग चार-पाच वर्षांनी कदाचित चाळीस हाती येतील. प्रत्येक घेणेकऱ्याला एक मत, आणि मंजुरीला निम्म्याहून जास्त हात हवेत. साहेबाने हात मोजले, मग पुन्हा मोजले.

"बाजूने दहा, विरुद्ध दहा. दहा म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हेत. तेव्हा प्रस्ताव..."

शिट्टीने बोटांवर मोजलं. अकरावा हात त्याचाच होता. क्लब वाचावा म्हणून त्याने गुपचूप पैसे भरले आणि ते क्लबचे म्हणून दाखवून स्वतःचं मत पुसून टाकलं होतं. आता उठावं तर बायको शेजारी बसलेली. आठ महिने तिच्या हातात तिचेच पैसे ठेवून 'त्यांनी दिले' म्हणालो, हे तिच्यासमोर, गावासमोर सांगायचं. त्यापेक्षा उरलेले दात काढून दिलेले परवडले असते. त्याला वाटलं, बसून राहावं. मग त्याला ते मैदान विकलेलं दिसलं, आणि तो उठला.

"साहेब, एक घेणेकरी राहिलाय."

"कोण?"

"मी."

त्याने सगळं सांगितलं. साहेबाकडे बघत सांगितलं, कारण डावीकडे, बायकोकडे बघायची हिंमत नव्हती.

साहेबाने फाईल चाळली. "पावत्यांवर क्लबकडून रोख मिळाले असं लिहिलंय. पैसे तुमचे होते याला पुरावा?"

"पुरावा काही नाही, साहेब."

"सही मालकीणबाईंची आहे. बाई, तुम्हाला माहीत होतं?"

ती उठली. कोर्टाच्या पत्राची तिने चार वेळा घडी घातली होती.

"पैसे क्लबचे नव्हते, हे मला आत्ता कळतंय," ती म्हणाली. "पण दातांचे पैसे दातांना लागले नाहीत, हे सात महिन्यांपासून माहितीये. डॉक्टरीणबाईंचे कोट माझ्याकडेच येतात धुवायला. त्यांनीच विचारलं, तुमचे मिस्टर पुन्हा आलेच नाहीत?"

"मग तुम्ही यांना विचारलं नाहीत?"

"म्हटलं, सांगतील. कुठे घातले असतील ते असतील, पण स्वतःवर नाही उडवायचे, एवढं मी ओळखते. सांगायला वेळ लागतो यांना. पण तोवर माणसाला उपाशी ठेवायचं का? सात महिने भाजीचा लगदा करतेय मी, साहेब. हौस नाही मला. यांना चावत नाही म्हणून. पुरावा पाहिजे तर या एक दिवस जेवायला."

हॉल खो खो हसला. शिट्टीला हसू येईना. सात महिने ज्या ताटासमोर तो मनात तिची कीव करत बसला होता, ते ताट त्याच्यासाठी मुद्दाम बिघडवलेलं होतं. त्याला तिथल्या तिथे तिचा हात धरावासा वाटला. पण सगळे बघत होते, म्हणून त्याने फक्त नाक पुसलं.

साहेबाने चष्मा काढला. "क्लबचं म्हणणं काय?"

कारकून टुणकन उठला. "मान्य! आमच्या वहीत हे पैसे गेल्याची नोंदच नाही. आठ महिने माझा ताळा लागत नव्हता, साहेब!"

यादीत एकविसावं नाव लिहिलं गेलं. पुन्हा मत घ्यायचं ठरलं. शिट्टीने हात उचलला तसं बायकोने त्याचं मनगट धरलं.

"थांबा. शंभराला पंचवीस म्हणजे चार दातांतला एक."

"हो."

"एकच."

"हो गं."

तिने मनगट सोडलं. "करा मग वर. आणि घरी चला, मग बोलते."

घरी ती खरोखरच बोलली, आणि दोन दिवस पुरेल इतकं बोलली. त्यानंतर क्लबचे कपडे रोखीशिवाय दाराच्या आत येईनात. चार महिन्यांनी शिट्टीच्या नावाचे, एका दाताचे पैसे आले. त्याला स्वतः डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसवून, तो बाहेर येईपर्यंत ती दारात बसून राहिली.

पुढच्याच रविवारी संघाने गोल केला. शेजारच्यांनी सवयीने शिट्टीकडे बघितलं. त्याने बोटं तोंडात घातली. आवाज निम्मा आणि निम्मी हवा, पण शिट्टी वाजली. मागच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून रडायला लागला. संघ एक-शून्यने जिंकला.

तो घाईघाईने लाँड्रीत आला. बायको बॉयलरमागे भिंतीपाशी उभी होती, हातात खडू.

"एक गोल झाला ना?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"इथवर ऐकू येते. नुसता आरडाओरडा कळत नाही, लोक चेंडू चुकला तरी ओरडतात. तुमची शिट्टी आली की मी एक रेघ मारते." तिने ताजी रेघ दाखवली. "मध्ये वर्षभर काही मारता आली नाही."

शिट्टी भिंतीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो त्या रेघांना सोड्याची पोती समजत होता.

"किती गोल झाले त्या वर्षात?" तिने विचारलं.

"आपल्या मैदानावर? एकोणीस."

तिने त्याच्या हातात खडू दिला. तो वाकून रेघा ओढू लागला आणि ती जर्सी भिजवता भिजवता मोजू लागली.

"वीस झाल्या."

"एक रेफ्रीने ऑफसाइड म्हणून नाकारला होता."

"मग पुसा."

"ऑफसाइड नव्हता तो."

ती हात पुसत जवळ आली. तिने रेघेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातला खडू घेतला आणि ती विसावी रेघ जरा जाड केली.