चौथा हिसका

बळवंतनं उभ्या जन्मात शहाणपणाखेरीज कोणाला काही फुकट दिलं नव्हतं, आणि त्या शहाणपणानंच त्याचा घात केला.

सिद्धेश नावाचा तिशीतला दिग्दर्शक मढच्या कोळीवाड्यात माहिती गोळा करत हिंडत होता. त्याच्या सिनेमात साल होतं दोन हजार नव्वद. मुंबई बुडालेली, उरलीसुरली माणसं समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटात राहतात. बळवंतनं त्याला चहा पाजला आणि न विचारता सांगून टाकलं, की बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं की एक जण कमरेला दोर बांधून खाली उतरतो, दुसरा वर दोर धरून बसतो. खालच्यानं तीन हिसके दिले, की ओढायचं. वरच्यानं एक दिला, तर तो प्रश्न: हायस ना? त्यावर खालच्यानं एकच परत द्यायचा. तसा जाब आला नाही, तर विचार करत बसायचं नाही, ओढायचं. बळवंतच्या भावानं, दशरथनं, एकदा जाब दिला नव्हता आणि बळवंत क्षणभर विचार करत बसला होता. त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. ती त्यानं सांगितली नाही.

"झकास, काका! हे मी घेतो," सिद्धेश म्हणाला, आणि खरंच घेतलं. सिनेमात नायिका घुमटाबाहेर अडकते, दोराला तीन हिसके देते, पण कोणी ओढत नाही. कारण आत एव्हाना सगळे मेलेले असतात.

वर कडी म्हणजे, नायिकेच्या जागी पाण्यात उतरणार होती बळवंतची नात, कल्पिता. बावीस वर्षांची पोर, पाण्यात मासळीला हार जाणार नाही. हे काम नीट झालं, की स्टंटवाल्यांच्या संघटनेचं कार्ड तिच्या हातात पडणार होतं. तिनंच सिद्धेशला सांगितलं, दोर माझ्या आजाच्या हातात द्या.

मालाडच्या एका गोदामात दोन पुरुष खोल हौद बांधला होता. पाणी अथांग दिसावं म्हणून त्यात दूध पावडर कालवलेली. बळवंतला काठावर, घुमटाचं म्हणून उभ्या केलेल्या फायबरच्या दारामागे बसवलं. दर्याला भरती असते, ओहोटी असते, दर्याशी बोलता येतं. हे पांढरं, निपचित पाणी त्याला अजिबात आवडलं नाही.

"काका, एकच लक्षात ठेवा," सिद्धेश म्हणाला. "काही झालं तरी दोर हलवायचा नाही. तुम्ही मेलेले आहात."

"आनि तिला खरंच काय झालं तर?"

"दोन डायव्हर आहेत ना. ती डोक्यावर हात ठेवेल, ते वर आणतील. टेन्शन नका घेऊ."

कल्पितानं हेल्मेट चढवण्याआधी त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले. "आजा, भिऊ नको. नाटक हाय." मग ती उतरली आणि दोन हात खाली जाताच दिसेनाशी झाली. बळवंतला खाली दोन डायव्हरही दिसत नव्हते. तिचा हात त्यांना कसा दिसणार, हे त्याला कळेना.

पहिला टेक. गोदामात चिडीचूप. दोर ताणला गेला. एक हिसका. दुसरा. तिसरा. बळवंतचे दोन्ही दंड आपोआप आवळले. जन्मभराची सवय ओढ म्हणत होती, आणि तो मनाशी घोकत होता, मी मेलोय, मी मेलोय. तेवढ्यात आणखी एक हिसका आला, अर्धवट, ढिला. पोरीनं पदरचं घातलं, असं त्याला वाटलं. त्यानं दोर हलू दिला नाही.

"कट!" सिद्धेश ओरडला, आणि टाळ्या पडल्या. "काका, हात तसूभर हलला नाही! वा!"

कल्पिताला वर आणलं. तिचे ओठ निळे पडले होते. थंडी वाजली, म्हणाली ती, आणि त्याच्याकडे न बघता चहा मागितला.

दुसरा टेक. तीन हिसके आले आणि मग काहीच नाही. बळवंतनं थोडी कळ काढली, पण डोळ्यांसमोर दशरथ यायला लागला. शेवटी त्यानं हळूच एक हिसका दिला. हायस ना? जाब नाही. मग मात्र त्याचं भान सुटलं. तो उठून उभा राहिला आणि जिवाच्या आकांतानं दोर ओढू लागला. फायबरचं दार उपटून हौदात पडलं. कल्पिता धडपडत वर आली, हेल्मेट काढून तिनं फेकलंच.

"आजा! मी ठीक होते! शॉट चालू असताना जाब कसा देणार? पार वाट लावलीस!"

सिद्धेशनं नमस्कार करून बळवंतला घरी पाठवलं. पोर आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. म्हातारा भित्रा झाला, असं कोळीवाड्यात बोललं जाऊ लागलं, आणि त्यालाही ते पटलं.

आठ महिन्यांनी सिनेमा लागला. कल्पिताला कार्ड मिळालं होतं. तीच हट्टानं त्याला मालाडच्या थिएटरात घेऊन गेली. तो प्रसंग आला. पडद्यावर तीन हिसके. मग चौथा, अर्धवट. दोर हलला नाही. पुढच्या रांगेतली बाई रडू लागली.

"सांगितले तर तीनच होते," बळवंत पुटपुटला. "चौथा कशाला दिलास, बाय?"

कल्पिता पडद्याकडे बघतच म्हणाली, "तो नाटकातला नव्हता, आजा. हवेची नळी निसटली होती. हात तिकडे गेला, म्हणून अर्धाच बसला. मग मीच चाचपडत नळी लावली."

"मग बोलली का नाय?"

"काम गेलं असतं."

लोक टाळ्या वाजवत होते. त्या दोराच्या वरच्या टोकाला कोण होतं, हे थिएटरात दोघांनाच माहीत होतं. बळवंतनं अंधारात तिच्या ओढणीचं टोक शोधलं आणि एक हिसका दिला.

तिनं एक परत दिला.

इंटरव्हल होईपर्यंत त्यानं सात वेळा विचारलं. सातही वेळा तिनं जाब दिला.