मास्तरांची छाती

गाडी शिकवायची तर छाती लागते, असं मास्तर प्रत्येक नव्या शिकाऊला सांगत. त्यांना ते शोभतही होतं. शिकाऊंच्या कृपेने ते आजवर विजेच्या खांबावर, गटारात आणि एकदा थेट फुलवाल्याच्या दुकानात जाऊन आले होते, पण त्यांच्या कपाळावर घाम कुणी पाहिला नव्हता.

म्हणून त्या दुपारी लाल सिग्नलला गाडी अगदी शहाण्यासारखी उभी असताना मास्तरांनी छाती धरली, तेव्हा स्टिअरिंगवर बसलेल्या शिकाऊ टेलरबाई हबकल्या.

"मी काही केलं नाही हो मास्तर! न्यूट्रलमध्येच आहे!"

"बाई, हॉस्पिटल," मास्तर कसेबसे म्हणाले. कुणी दार बडवावं तसं हृदय धडधडत होतं, बोटांना मुंग्या आल्या होत्या, श्वास वरच्या वर अडकत होता. आपण आता जातो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. आणि जाताना शेवटचं तोंड बघायचं ते टेलरबाईंचं! या बाई लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटल्या होत्या.

सिग्नल सुटला. बाईंनी गाडी दामटली, पण ती चार हात जाऊन गचकन थांबे. पुन्हा निघे, पुन्हा थांबे. शिकवण्याच्या गाडीला मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक होता, आणि जीव जायची वेळ आली तरी मास्तरांचा पाय त्यावरून हलेना.

"मास्तर, पाय काढा! नाहीतर इथेच जाल!"

मास्तरांनी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. कुठेही न आपटता गाडी हॉस्पिटलच्या दारात पोचली ती थेट ॲम्ब्युलन्सच्या जागेत घुसली.

"गाडी मागे घ्या!" वॉचमन ओरडला.

"रिव्हर्स अजून शिकवला नाही यांनी!" बाई त्याच्या वरताण ओरडल्या.

व्हीलचेअरवरून आत जाता जाता मास्तर धापा टाकत सांगत होते, "आधी... आरसा बघा..." शेवटी एका ॲम्ब्युलन्सवाल्याने गाडी बाजूला लावली.

आत त्यांच्या छातीला वायरी डकवल्या, रक्त काढलं, बोटाला चिमटा लावला. नर्सने शेजारी बसून श्वास हळूहळू बाहेर सोडायला लावलं. तासाभरात छाती शांत झाली. रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या.

"हृदय छान आहे काका. हा पॅनिक अटॅक होता."

"म्हणजे?"

"मनाने घेतलेली भीती अंगात उतरते. धडधड, घाम, आता मरतो असं वाटणं."

मास्तर उठून बसले. "भीती? मला? अहो, मी या बाईंच्या शेजारी रोज बसतो!"

"तेही खरंच," पडद्यापलीकडून टेलरबाई म्हणाल्या.

"ईसीजीची पट्टी पुन्हा काढा. मशीन बिघडलं असेल." निदान छोटासा तरी झटका सापडावा, म्हणजे चारचौघांत सांगायला बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आपण घाबरून हॉस्पिटलात आलो हे कळलं, तर क्लासची अब्रूच जायची.

"काका, छातीत असं झालं की यायचंच. कशाने झालं ते बघणं आमचं काम. लाजायचं काय त्यात?" त्या स्टूल ओढून बसल्या. "हल्ली काही घडलं का घरात?"

"छे! सगळं उत्तम."

तेवढ्यात मास्तरांची बायको धावतपळत आली. नवरा धडधाकट दिसताच तिने आधी डोळे पुसले, मग त्याला फैलावर घेतलं, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "उत्तम कसलं? वाढदिवस झाल्यापासून हे झोपत नाहीत. मनगट धरून नाडी बघत बसतात."

मास्तर पांघरुणाची कड चिमटीत धरून चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "दादा याच वयात गेला. छातीनेच. या वाढदिवसाला मी त्याच्यापेक्षा मोठा झालो. धाकट्याने मोठं व्हायचं म्हणजे... पुढे चालतोय, आणि पुढे कुणीच नाही."

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. पडद्यापलीकडे टेलरबाईंनी जोरात नाक शिंकरलं.

डॉक्टरीणबाईंनी समुपदेशकाकडे जायला सांगितलं. मास्तर कुरकुरत गेले, आणि पुढेही जात राहिले. दादाबद्दल इतकं बोलता येतं, हे त्यांना तिथे कळलं. टेलरबाई परीक्षेत तिसऱ्यांदा आपटल्या, ती गोष्ट वेगळी.

अटॅक पुन्हा आला, तो दाढी करून घेताना. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी, आणि तीच धडधड, त्याच मुंग्या. पण या वेळी पाहुणा ओळखीचा होता. मास्तरांनी हात वर केला.

"जरा थांब. मला भीती वाटतेय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे उघडपणे कुणाला सांगितलं होतं.

ते डोळे मिटून सावकाश श्वास सोडत राहिले. हळूहळू धडधड ओसरली, बरं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. डोळे उघडले, तर न्हावी वस्तरा खाली ठेवून, हाताची घडी घालून फुगून उभा होता.

"एवढी वर्षं माझ्याकडे येताय मास्तर," तो म्हणाला, "कधी कापलंय का मी तुम्हाला?"