सायकलच्या ट्यूबचा वायसर

हंसाबाईनं पोत्याची गाठ सोडली आणि आतला निळा पंप जफर मिस्तरीच्या टेबलावर ठेवला.

"मिस्तरी भाऊ, याच्या झाकणाचा वायसर बदलून द्या. गळते."

जफरच्या हातात पान्हा होता. तो त्यानं खाली ठेवला, मग उगाच पुन्हा उचलला. आर्णीच्या बसस्टँडामागच्या या टिनाच्या दुकानातून हंगामात शेकडो फवारणीचे पंप जात. लोक त्याला पंपांचा डॉक्टर म्हणत आणि तोही खुशाल म्हणवून घेई. एवढ्या पंपांतला एखादा लक्षात राहावा असं काही नसतं. हा मात्र त्यानं पोत्यातून पुरता निघायच्या आधीच ओळखला. खांद्याला काचू नये म्हणून हंसाबाईच्या नवऱ्यानं, पूनमसिंगनं, त्याच्या पट्ट्याला तिच्या जुन्या घागऱ्याचा काठ शिवून घेतला होता. काठावरचे दोन आरसे अजून शाबूत होते.

"यंदा कोण फवारणार?" त्यानं विचारलं. विचारायचं होतं ते हे नव्हतं.

"दीर हाये ना, नेमसिंग. तांड्यात दुसरं कोणी येत नाई आता फवारायले. भेतात."

कोपऱ्यात ऑइलच्या उपड्या डब्यावर बसलेल्या गझालानं मान वर केली. ही जफरची थोरली. तिच्या मांडीवर वही होती आणि वहीत पाच लॉ कॉलेजांची नावं. प्रत्येकापुढं आकडा घातलेला, खोडलेला, पुन्हा घातलेला. बारावीनंतरच्या वकिलीच्या सीईटीत तिला चांगले मार्क पडले होते. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आजचा शेवटचा दिवस, पाच वाजता साइट बंद. शेजारच्या नेट कॅफेत फॉर्म भरून तयार होता. तो पक्का करायला लागणारा ओटीपी बापाच्या मोबाइलवर येणार होता आणि मोबाइल बापाच्या खिशात होता. सकाळपासून ती तो मागत होती आणि सकाळपासून जफर "देतो" म्हणत होता. आता चारला पाच मिनिटं कमी होती.

जफरला वकिलीचं वावडं होतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं. गेल्या उन्हाळ्यापासून ती रोज दुपारनंतर इथंच बसून प्रश्न वाचायची. परीक्षा मराठीतून द्यायची, म्हणून घरातली हिंदी-उर्दू बाजूला ठेवून दुकानात मराठीच बोलायचं असा बापलेकीचा करारच झाला होता. आधी एक नियम, मग एक घटना, मग सवाल: कोण जबाबदार? जफर सातवी शिकलेला, पण कायद्याची पुस्तकं कोळून प्यायल्यासारखा हातातलं काम न थांबवता उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "बकरीवाला." "मालक, नोकर नाही." "कोणीच नाही, तो आपल्या मरणानं मेला." दहातली नऊ बरोबर यायची. तुम्हीच परीक्षेला बसा अब्बू, असं गझाला म्हणायची तेव्हा तो खोटं रागवायचा आणि दिवसभर खुशीत असायचा.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात ते सगळं थांबलं.

गेल्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तरी तिच्यावरची कीड हटत नव्हती. जो तो फवारत सुटला होता. पूनमसिंग असाच घाईत आला, पंप झाकणातून गळतो म्हणाला. जफरकडचे वायसर संपले होते. असल्या वेळी आर्णीतला कोणताही मिस्तरी जे करतो तेच त्यानं केलं. जुन्या सायकलची ट्यूब घेतली, गोल कापली आणि झाकणात बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. "तात्पुरतं हाये, सोमवारी नवा टाकून देतो," म्हणाला. फवारणीच्या औषधानं सायकलचं रबर फुगतं, हे त्याला ठाऊक होतं. इतकं लवकर फुगेल असं वाटलं नव्हतं, एवढंच. पूनमसिंग दोन दिवस डोक्यावरच्या पऱ्हाटीत फवारत राहिला आणि सोमवारी दुकानात यायच्या ऐवजी यवतमाळच्या दवाखान्यात गेला. चौथ्या दिवशी विषबाधेनं तिथंच गेला.

त्या गोष्टीला दहा महिने झाले. जफरनं ती कोणाला सांगितली नव्हती, बायकोला, सईदाला, सुद्धा नाही. आणि गझालानं पुस्तक उघडलं, की त्याला कुठलं तरी काम आठवायचं. बी.ए. कर, डी.एड. कर, असं तो म्हणू लागला. मार्क आल्यावर यवतमाळच्या लॉ कॉलेजापर्यंत खाली आला: रोज एसटीनं जा, संध्याकाळी घरी ये. तिला मुंबईचं सरकारी कॉलेज हवं होतं. जगाला तो सांगायचा की एवढ्या लांब एकटी पोरगी कशी ठेवायची. खरं म्हणजे त्याला तिची नजर डोळ्यांपुढं ठेवायची होती. वर्गात काय शिकून आली ते रोज तिच्या तोंडावर दिसेल, आणि ज्या दिवशी बापाकडे बघायची ती नजर बदलेल, तो दिवस आपल्याला निदान कळेल. लांब राहिली तर तेही कळणार नाही. या भीतीनं तो माणूस आतून पार पोखरला होता.

"इतके दिवस कुठं होता पंप?" त्यानं हंसाबाईला विचारलं.

"आढ्याले टांगून होता. तीनदा नाल्यावर धुतला मी. हात लावायची हिंमत होत नव्हती." ती पंपाकडे न बघता बोलत होती. "चौकशीले साहेब लोक आलते. फवारणाऱ्यानं काळजी घेतली नाई, असं लिहून घेऊन गेले. तोंडाले फडकं नव्हतं, हातमोजे नव्हते. तेबी खरंच हाये म्हना. पन भाऊ, त्याची पाठ लाल झाली होती. सारी पाठ."

जफरनं पंप आपल्याकडे ओढला.

"आदल्या दिवशीचा सदरा मी धुतलाच नव्हता. निंदनाले गेलती, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तोच घालून गेला तो. औषध त्या सदऱ्यातच असन. सासूले सांगतलं नाई मी, कोनालेच नाई सांगतलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "सदरा धुतला असता त वाचला असता मानूस. रोज येते मनात."

गझालाच्या हातातला पेन थांबला होता.

"बसा बाई बाहेर पायरीवर," जफर म्हणाला. "माठातलं पानी घ्या. दहा मिनिटांत होते."

ती बाहेर गेल्यावर त्यानं झाकण फिरवलं. आत ट्यूबचा तुकडा तसाच होता. भिजलेल्या पापडासारखा फुगून कडेनं बाहेर आला होता, आणि एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट पडली होती. त्यानं तो नखानं सोडवून हातावर घेतला आणि मूठ मिटली. कचऱ्याचा डबा टेबलाखालीच होता. त्यात टाकला असता तर विषय संपला होता.

"अब्बू, चार वाजून गेले," गझाला म्हणाली.

"यवतमाळ पहिलं टाकशील त देतो मोबाइल."

"काहून?"

"काहून म्हनजे? बाप सांगून राह्यला म्हनून."

ती उठली नाही. वही मिटून तिनं मांडीवर हात ठेवले. बोलली तेव्हा आवाज बाहेर जाणार नाही इतका खाली होता.

"परीक्षेत एक सवाल आलता, अब्बू. तुम्हाले सांगतलाच नाई."

"कोनता?"

"एका कारागिराकडे विहिरीचा दोर दुरुस्तीले येते. त्याच्यापाशी चांगलं सूत नसते. तो जे असते ते लावून जोडून देते. पैसे घेत नाई. तात्पुरता हाये म्हनून सांगते. पन विहिरीत उतरायले मानूस तोच दोर वापरनार, हे त्याले माहीत असते. दोर तुटते. कारागीर जबाबदार हाये का नाई?"

जफर मुठीकडे बघत होता. "तू काय उत्तर देल्लं?"

"जबाबदार नाई. त्याच्यावर क्लिक केलं."

"चुकलं मग."

शब्द तोंडातून निघून गेला होता. जुन्या सवयीनं, काम न थांबवता, पटकन. पोळ्याआधी रोज जसा निघायचा तसाच. बाहेर कुठली तरी एसटी मागं घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता.

"माहीत होतं मले," गझाला म्हणाली. "बरोबर उत्तर येत होतं. मार्क जाते हेबी माहीत होतं. पन त्या दिवशी मी इथंच बसली होती ना, अब्बू. ट्यूब मी धरली होती अन् तुम्ही कापली. मले त्याच्यावर क्लिकच करता नाई आलं."

ज्या नजरेला तो भीत होता, ती त्याच्यापुढं दहा महिने रोज बसली होती. रोज त्याला चहा आणून देत होती. जफरला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आलं नाही. त्यानं खिशातला मोबाइल काढला, पँटला पुसला आणि तिच्यापुढं धरला.

"पहिलं कोनतं टाकू?" तिनं विचारलं.

"मुंबई."

ती मोबाइल घेऊन उठली. दाराशी गेली आणि थांबली, कारण बापही तिच्यामागं उठला होता आणि त्याची मूठ अजून मिटलेली होती. टेबलावर नवा वायसर काढून ठेवलेला होता, त्याला त्यानं हात लावला नव्हता.

"अब्बू, लोक ऐकतीन. तांड्यातले येतीन."

"येऊ दे. तू जा बेटा, पाच वाजता बंद होते ते."

ती रस्ता ओलांडून गेली. जफर पायरीवर आला. हंसाबाई पाण्याचा रिकामा ग्लास हातात धरून बसली होती; पंप झाला असं समजून ती उठायला लागली. त्यानं हातानंच बसायला सांगितलं आणि स्वतः तिच्या खालच्या पायरीवर बसला. मूठ उघडून तो फुगलेला तुकडा दोघांच्या मधे ठेवला.

"हंसाबाई," तो म्हणाला, "सदऱ्यात काही नव्हतं."